वार

चार हजार शंभर मीटर उंचीवर, एल आल्तोत,
रात्रपाळीला मशीन आधी कण्हतं, मग तापतं.
मी रेम्बेर्तो अपासा, रक्त तपासणारा.
माणसांशी माझं फारसं बोलणं होत नाही,
त्यांच्या नळ्यांशी होतं.

आजची नळी फेलिपा सिर्पाची.
वय चोवीस, एकतिसावा आठवडा,
बाजारात गोठवून वाळवलेले बटाटे विकते.
आली ती चपला हातात घेऊन.
दोन दिवस झाले, म्हणाली, पायात जाईनात.
आणि डोळ्यांपुढे ठिणग्या,
नवरा वेल्डिंग करतो ना, तशा,
फक्त डोळे मिटले तरी विझत नाहीत.

सासू म्हणाली, वारं लागलंय.
या पठारावर वारं कुणाला लागत नाही?
डॉक्टरीण म्हणाली, एकशे बासष्टवर एकशे आठ,
आणि नळी माझ्याकडे पाठवली.

अठरा मिनिटं लागतात.
तेवढ्यात कोकाच्या पानांचा चहा निवतो,
आणि मी फेलिपाशी बोलून घेतो,
ती तीन मजले खाली असताना:

बाई, तुझ्या पोटात बाळाबरोबर आणखी एक रुजलं.
त्यानं तुझ्या शिरांना निरोप धाडले,
सैल व्हा, रुंद व्हा, घरात पाहुणा आलाय.
त्या निरोपाला आम्ही वाढ-घटक म्हणतो,
म्हणजे बारशाला कुणाला सवड नव्हती.
त्यातला एकेक रेणू म्हणजे किल्ली.
तुझ्या शिरांच्या भिंतीभिंतीत तिची दारं.

पण त्या रुजलेल्याला रक्त पुरेना.
उपाशी जीव काय करील सांगता येत नाही.
त्यानं नुसती दारंच घडवली,
ना भिंत, ना चौकट,
आणि दिली सोडून तुझ्या रक्तात,
पुरात घरादाराचं लाकूड वाहावं तशी.
किल्ली बिचारी भेटेल त्या कुलपात शिरते.
फिरते. कुलूप उघडतं.
पलीकडे खोली नसते.

आणि इकडे खऱ्या दारांशी
कुणी येत नाही, कुणीच येत नाही,
शिरा आवळत जातात,
मूत्रपिंड गळू लागतं, डोकं ठणकतं,
डोळ्यांत कुणीतरी लोखंड जोडत बसतं.

बावीस.
शंभराच्या पुढे हवं होतं.
वाहत्या दारांचा आकडा रकान्यात मावेना,
तो मी समासात लिहिला.
फोनवर सांगितलं तेव्हा डॉक्टरीण गप्प झाली,
मग म्हणाली, मॅग्नेशियम लावते,
बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं,
दोन दिवस मिळाले तर बघू.

दीड मिळाला.
गुरुवारी पहाटे मुलगी झाली,
एक हजार दोनशे दहा ग्रॅम,
आणि तिच्यामागून वार पडली.

सासूनं ती मागून घेतली.
धुणार, राखेत घोळणार, उंबऱ्याशी पुरणार,
नाहीतर ती घर शोधत फिरते म्हणे.
मी कधी प्रयोगशाळा सोडून खाली जात नाही.
त्या दिवशी गेलो, रागावून गेलो खरं तर,
मनात बासिलिया होती, माझी थोरली बहीण,
या मशीनच्या आधीची.
तिच्या वेळी सगळे वाऱ्यालाच बोल लावत बसले.

स्टीलच्या थाळीत ती पडली होती,
माझ्या पंजाएवढीसुद्धा नाही,
काठाला पांढुरक्या, सुकलेल्या चकत्या.
एवढीशी.
हिनंच ना वार केला?
आणि हिनंच एक हजार दोनशे दहा ग्रॅम
एकेक थेंब मागून, ओरबाडून, चोरून पोसले.
काय बोलायचं ते विसरलो.
सासूला म्हणालो, उंबरा जरा खोल खणा,
इथली कुत्री उकरतात.

शुक्रवारी पुन्हा दाब चढला, मग उतरला.
मुलगी काचेच्या पेटीत आहे,
तिचं मला अजून काही सांगता येत नाही.
शनिवारी फेलिपाच्या चपला पायात गेल्या.
डावी आधी.